हेडफोन न जोडता मोजलेला आवाज

अकरा वर्षांपूर्वी गिरगावातल्या माझ्या दोन खोल्यांत एका रविवारी जे झालं, त्याची खरी हकीकत हजर असलेल्या पाच जणांपैकी फक्त मला माहीत होती. ती मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

आम्ही पाचही जण निवृत्त किंवा निवृत्तीला टेकलेले, आणि हेडफोनच्या नादाला लागलेले. इंटरनेटवरच्या एका गटात ओळख झाली आणि कळलं की सगळे गिरगाव ते लालबाग एवढ्याच टापूतले. मग दर रविवारी सकाळी माझ्याकडे जमू लागलो. एकाने हेडफोन लावला की बाकीचे चौघे गप्प बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. खोलीत आवाज म्हणून नाहीच. बायको चहा ठेवताना हळूच विचारायची, "कोण गेलं?"

त्या गटाने मला पुष्कळ शिकवलं. किंमत कळली की कान खोटं बोलतात, म्हणून तुलना करायची तर वस्तू झाकून करायची. आणि दुसरं, दोन्हींचा आवाज आधी मीटरच्या काट्यावर सारखा करून घ्यायचा. एक जरासा जरी मोठा असला तरी तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. जास्त स्वच्छ, जास्त जिवंत. यात भलेभले फसतात.

आमच्यातला एक लालबागचा. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होता, ती बंद पडल्यावर पंखे आणि मिक्सर दुरुस्त करून त्याने संसार केला. हेडफोनला ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर तो घरी स्वतः बांधायचा. एकावर त्याने दोन वर्षं घालवली. ट्रान्सफॉर्मरसुद्धा हाताने गुंडाळलेला. तो त्याने मला आठ दिवस ऐकायला दिला होता. माझ्याकडे एका बाईंच्या भूपाचं जुनं रेकॉर्डिंग आहे. त्यात पहिला स्वर लावण्याआधी बाई श्वास घेतात. तो श्वास मी शेकडो वेळा ऐकला होता, पण त्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं की बाई माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या आहेत. आठ दिवसांनी डबा परत करताना मी त्याला एवढंच म्हणालो, "बरा आहे."

पुढे माझ्या मुलाने परदेशातून एक नामी ॲम्प्लिफायर आणला. त्याचं कौतुक मी गटात इतकं केलं की कुणीतरी म्हणालं, मग होऊन जाऊ दे दोघांची तुलना. लालबागकर लगेच तयार झाला. डबा पिशवीतून घेऊन आला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, जणू मुलीला दाखवायला आणलं आहे.

दोन्ही यंत्रांवर चादर टाकली. एक 'क', एक 'ख'. कुठलं कोणतं ते फक्त मला माहीत, कारण आवाज जुळवायचं आणि बटणपेटीवरून यंत्र बदलायचं काम माझं. चौघांनी एकेक करून ऐकलं आणि चिठ्ठीवर लिहिलं. चारही चिठ्ठ्यांवर 'ख'. 'ख' म्हणजे माझा. चौथी चिठ्ठी त्याची स्वतःची होती.

तो जरा वेळ चिठ्ठी बघत राहिला. मग हसून म्हणाला, "माझेच कान फितूर झाले रे." आणि डबा पिशवीत घालून चहा न घेता निघाला.

दुपारी आवराआवर करताना माझ्या लक्षात आलं की आवाज जुळवताना मी हेडफोन जोडलेच नव्हते. आमच्या इमारतीत नळ बंद असताना पाण्याला जोर असतो, खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की तो उतरतो. यंत्राचंही तसंच. हेडफोन जोडला की काहींचा जोर थोडा पडतो. हाताने बांधलेल्यांचा हमखास पडतो, हे मला ठाऊक होतं. सकाळी मात्र मी घाईत होतो. त्याचा डबा आता नव्हता, पण आमच्या बटणपेटीत हेडफोन जोडून चाललेल्या तुलनेचा छोटा तुकडा नेहमी रेकॉर्ड व्हायचा. तो लावून मोजला. 'क' कमी होता. फार नाही. फसायला पुरेल इतका.

फोन हातात घेतला होता. पण चार जणांनी माझ्या यंत्राला चांगलं म्हटलं होतं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं होतं. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी तो रिकाम्या हाताने आला. डबा त्याने उघडून सुटा केला होता. ट्रान्सफॉर्मर कुणाच्या तरी बॅटरी चार्जरला लावून टाकला म्हणाला. त्यानंतर त्याने काही बांधलं नाही. हळूहळू येणंही थांबलं. एक जण डोंबिवलीला गेला, एक वारला, आणि रविवार मोडले.

माझं यंत्र अजून चालतं. बाई अजून श्वास घेतात, पण लांबून. मी नाना हेडफोन बदलून पाहिले. त्या आठ दिवसांतला आवाज काही सापडला नाही. गेल्या महिन्यात कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. बारीक आवाजांकडची रेघ सरळ खाली गेलेली. म्हणजे तो डबा आज समोर ठेवला तरी मला तो तसा ऐकू येणार नाही. त्याच आठवड्यात मी लालबागकराला फोन केला आणि त्याच्या घरी गेलो.

त्याच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे, तो एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. वहिनींनी चहा आणला, माझ्या बायकोची चौकशी केली, आणि आमचे चेहरे बघून आत गेल्या. मी सगळं सांगितलं. हेडफोन न जोडल्याचं, दुपारी मोजल्याचं, फोन खाली ठेवल्याचं. तो खिडकीकडे बघत ऐकत होता. रागावला की तो मालवणीत बोलतो, हे मी विसरलो होतो.

"अकरा वर्सां," तो म्हणाला. "अकरा वर्सां माका वाटला माझेच कान खोटे. आणि तू आता सांगतस?"

मी हातातला कप खाली ठेवला.

मग त्याने विचारलं, "मग चांगला कुठला होता? खरा काय ता सांग."

'तुझा' म्हणणं फार सोपं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ती तुलना मीच बिघडवलेली, तिचा निकाल मी कुठून आणणार? मी म्हणालो, "ते मला माहीत नाही. तुलना झालीच नाही असं समज. पण मला आठवतो तो तुझा. माझ्या यंत्राची कधी आठवण येत नाही, ते तर समोरच असतं."

त्याने कप उचलून बघितला, चहा संपला होता. मग म्हणाला, उरलेल्या दोघांना लेखी कळव, तोंडी नको, तोंडी तू परत सोयीचं सांगशील. मी कबूल केलं आणि घरी येऊन त्याच दिवशी कळवलं.

निघताना तो लिफ्टपर्यंत आला. मी भीत भीत विचारलं, पुन्हा एखादा बांधशील का. त्याने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं स्थिर होती.

"बांधीन की," तो म्हणाला. "पण ऐकणार कोण? तू?"

लिफ्टचं दार उघडलं. मी आत शिरलो आणि त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो. दार बंद होईपर्यंत तो तिथेच होता.