गाड्याला बेअरिंग

मुसफ्फातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये तो अमेरिकन पहिल्यांदा आला, तेव्हा मी सांगितलेला भाव त्याने जसाच्या तसा कबूल केला. मी चिडलो. वेल्डरचा हेल्पर म्हणून मी अबू धाबीत उतरलो होतो आणि हुज्जत घालत घालत स्वतःच्या शटरपर्यंत पोचलो होतो. समोरचा भाव पाडत नसला, की तो माझी कीव करतोय असं मला वाटतं.

त्याला लाकडी हातगाडा हवा होता. दोन मोठी चाकं, त्यांना लोखंडी धाव, पुढे ओढायला आडवा दांडा. तो मॉर्मन होता, म्हणजे ख्रिश्चनांमधल्या एका पंथाचा. धर्मापायी त्याच्या पूर्वजांना गावोगाव हाकललं गेलं, म्हणून ते असे गाडे ओढत पश्चिमेला गेले आणि वाळवंटात वसले. ही मंडळी त्याची आठवण जुलैत करतात. इथे जुलैत कोण गाडा ओढणार, म्हणून डिसेंबरात, खलिफा सिटीतल्या त्याच्या व्हिलासमोरच्या रेतीत.

त्याने हे सांगायची गरज नव्हती. त्याची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात होती आणि आमच्या जेवणात रोज हेच चाले. त्याची कुणी खापरपणजी फाटक्या बुटांनी बर्फातून चालली होती. "बाबा, शी वॉक्ड द होल वे," असं सांगताना माझ्या मुलीचे डोळे भरून यायचे. बाप भर उन्हात भाजून निघाला तेव्हा ती त्या शाळेत गेली, त्याचं तिला काही नव्हतं. मला त्या मेलेल्या बाईचा हेवा वाटायचा.

खरं दुखणं निराळं होतं. कोकणात आमच्या वस्तीने बुद्धाचा धर्म घेतला. वडिलांनी घरातले देव पाण्यात सोडले, गावची मेलेली गुरं ओढणं बंद केलं. गावाने मजुरी तोडली, दुकान तोडलं, विहीर तोडली. तेव्हा आईवडील मला घेऊन निघाले. हे मी घरात कधी काढलं नव्हतं. इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात आडनाव ऐकलं की लोक जरा थांबतात आणि मग गाव विचारतात, तेवढी आठवण मला पुरत होती. यांना मात्र हाकललं म्हणून दरवर्षी सरबत आणि केक.

माझ्या मुलीलाही बोलावणं होतं; गाडा तीही ओढणार म्हणून मी त्यात जीव ओतला. चाकांच्या आत बेअरिंग बसवलं, वरून लाकडी टोपी मारली. बायको म्हणाली, "अहो, गाडा करताय की विमान?"

अमेरिकनाने तो एका बोटाने ढकलला आणि त्याचा चेहरा पडला. मुलांना कष्ट कळावेत म्हणून गाडा जड हवा होता, असं तो हळूच म्हणाला. माझी तार सरकली. असा गाडा अख्ख्या मुसफ्फात कुणी करून दाखवावा, असं मी त्याला ऐकवलं.

गाडा ओढायच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या छातीवर एका पूर्वजाच्या नावाची कापडी पट्टी लावत होते. त्या माणसाच्या नावाने चालायचं, अशी त्यांची रीत. माझी मुलगी पाहुणी, म्हणून अमेरिकनाच्या बायकोने तिला त्या फाटक्या बुटांच्या बाईची पट्टी टाचली. पोर फुलून गेली. मी सरळ पुढे गेलो आणि पिन काढली.

"हिच्या घरातही चाललेलं माणूस आहे," मी म्हणालो.

कोण, असं त्याने विचारलं. माझी आई, मी म्हणालो. का निघाली? धर्म बदलला म्हणून. पट्ट्या टाचणारी त्याची बायको थांबली. मग त्याने विचारलं, किती लांब?

माझ्या तोंडून आकडा नेहमी दुप्पट निघतो. समोर महिनोन्‌महिने चाललेल्यांची औलाद उभी होती आणि मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"दोन डोंगर आणि एक खाडी," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले."

कुणी हसलं नाही. त्याने कोरी पट्टी घेतली आणि आईचं नाव एकेक अक्षर विचारून लिहिलं.

"आजीकडे गाडा होता?" मुलगी चक्क मराठीत बोलली.

"नव्हता. डोक्यावर गाठोडं आणि कडेवर मी."

"व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

मी पिन लावत बसलो.

तिने दांडा उचलला. बेअरिंगवर गाडा रेतीतसुद्धा भुर्रकन निघाला आणि ती वैतागून थांबली. "बाबा, इट्स टू इझी."

मी बूट काढले आणि गाड्यात चढून बसलो. बायकोने कपाळाला हात लावला. चाकं रेतीत रुतली.

"आता ओढ," मी म्हणालो.

चार पावलांत तिला धाप लागली. तुम्ही फार जड आहात, खाली उतरा, असं ती म्हणत होती. तिकडे अमेरिकन आणि त्याची मुलगी टक लावून बघत होते.

मी उतरलो नाही.