शिंगवाल्यांचा सिनेमा

असोद्याच्या बेबाबाईला इंग्रजीचं अक्षर कळत नसे. पण जळगावच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी जुना इंग्रजी सिनेमा लागला, की ती आणि तिचा नवरा तोताराम केळीचं पाणी दुसऱ्यावर सोपवून मोटारसायकलवर निघत. दोघांच्या खास आवडीचे व्हायकिंग, जुने दर्यावर्दी लुटारू. चिकटवलेल्या दाढ्या, शिंगांचे टोप, तलवारींचा खणखणाट.

"पोळ्याचे बैल आले पाह्य," तोताराम म्हणे.

इंग्रजी त्यालाही येत नव्हतं. बायकोच्या डाव्या कानाशी लागून तो मनानेच संवाद रचायचा आणि बेबाबाई तोंडात पदर कोंबून हसायची. मेलेल्या सरदाराला नावेत निजवून नाव पेटवली, की हमखास म्हणायचा, "थंडी वाजत असीन बिचाऱ्याले."

१९८६च्या उन्हाळ्यात तोताराम तापाने गेला.

वर्ष सरल्यावर तोच शिंगवाल्यांचा सिनेमा पुन्हा लागला. "चाल वहिनी, तेवढंच मन रमीन," नणंद शेवंताबाई म्हणाली. दोघी बसने गेल्या. हॉल जवळजवळ रिकामा होता. बेबाबाईच्या डावीकडे कोणीच नव्हतं.

पडद्यावर धुक्यातून नाव आली आणि डाव्या कानाशी कोणीतरी पुटपुटलं, "आले पाह्य."

केळीच्या चिकाचा वास आला. बेबाबाईने मान वळवली नाही. वळवली तर आवाज थांबेल असं तिला वाटलं. तो बोलत राहिला. अंगावर काटा होता, तरी ती हसत राहिली.

नाव पेटली तसा आवाज गप्प झाला. मग अगदी जवळून, पण कानाला श्वास न लागता, म्हणाला, "भाजत नाही, बेबा. काहीच लागत नाही."

बाहेर उन्हात आल्यावर शेवंताबाईने तिचा हात घट्ट धरला.

"कोन बोलत होतं गं? मी सारखी पाहे. कोनीच नव्हतं."

पुढच्या रविवारी बेबाबाई एकटीच टॉकीजवर गेली. बाहेर बोर्ड बदललेला.

"ते शिंगवाले कुठी गेले?"

"ती रिळांची पेटी धुळ्याच्या टॉकीजला गेली, अक्का," दारावरचा छगन म्हणाला.

तिने तिथूनच धुळ्याची एसटी धरली. परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. शेवंताबाई उंबऱ्यातच बसून होती. तिने भीतभीत विचारलं, "भाऊ व्हता?"

"व्हता," बेबाबाई पायावर पाणी घेत म्हणाली. "हॉल भरेल व्हता, जागाच नव्हती त्याले. पुरा सिनेमा उभ्यानंच बोलला."