टायर ओढणारे मेश्राम

सार्सची साथ ओसरली त्या वर्षी मी परदेशात, पासिर रिसला मुलाकडे राहायला आलो. पहिल्याच सकाळी किनाऱ्यावर एक माणूस दिसला. कमरेला दोर, मागे लॉरीचे दोन टायर. कोणाला कळतंय म्हणून मराठीतच विचारलं, "काय हो, बैल मेला का?"

तो थांबला. घाम निथळत म्हणाला, "बैल मीच आहे ना जी, काका!"

हे मेश्राम. नागपूरचे, जुरोंगला कोल्ड स्टोरेजमध्ये इंजिनिअर. दक्षिण ध्रुवावर पायी निघालेल्या एका तुकडीला यंत्रं दुरुस्त करणारा माणूस हवा होता. जागा एकच, आणि आपल्या सामानाची घसरगाडी आपणच बर्फावरून ओढायची. त्यासाठी ही तालीम.

"इथं बर्फ फक्त सरबतात," मी म्हणालो. "वाटेत दमलात तर?"

"पोचलो की दमू ना जी." हे त्यांचं ठरलेलं. वाटेतल्या बाकाकडे बघायचेसुद्धा नाहीत.

मी चौथी शिकलेला, पण गोदीत तीस वर्षं ओझी ओढली. सांगितलं, दोर कमरेला नको, रुंद पट्टा छातीवरून घ्या. त्यांनी वाळूत गणित मांडून मला चूक ठरवलं. म्हटलं, "गणिताला कातडी नसते." आणि बोलणं बंद केलं.

नवव्या दिवशी ते दारात. शर्ट वर केला. कमर सोलून निघालेली. निवडीला तीन आठवडे उरले होते. "हरलो काका. पट्टा शिवून द्या." जाड कॅनव्हास आणून शिवून दिला.

निवड झाली, गेले. ध्रुव चार दिवसांवर असताना सोबत्याचा पाय मोडला. विमान उतरण्याजोगी जागा मागे राहिली होती. मेश्रामांनी सामान टाकलं, त्याला गाडीवर घातलं आणि माझ्या पट्ट्यानं मागे ओढत आणलं. स्वतःच्या पायाची दोन बोटं बर्फात गेली.

ते परत आले तेव्हा मी चिडलो. "एवढं करून पोचला नाहीत!"

"तो घरी पोचला ना जी. ध्रुव कुठं पळतो?"

दुसऱ्या आठवड्यात लंगडत पुन्हा किनाऱ्यावर. तीन वर्षं अर्ज केले. तीनदा उत्तर आलं, वय झालं. टायर थांबले नाहीत. मग इथं राहायचा नोकरीचा पास संपला. नागपूरला परत जाताना पट्टा माझ्या हातात देऊन म्हणाले, "याला रिकामा ठेवू नका."

आता मी एकाहत्तरचा. एकच टायर ओढतो. नात बाकावरून ओरडते, "आजोबा, सिट लाह!" म्हणजे, बसा ना.

बाक चांगला आहे. पण तो वाटेत आहे.