बिनतळाची जगं

ताई गेली त्याला सात महिने झाले. तिच्याविषयी काही लिहावं असं मुलांनी सुचवलं, म्हणून बसतो. दिवसाला अर्धं पान होतं, कधी तेही होत नाही. तिची पुढची चाळीसेक वर्षं लोकांना ठाऊक आहेत. मला सारखा आठवतो तो आमचा खेळ, आणि त्याच्या मागोमाग एक श्रावण.

रशियाने पहिला उपग्रह सोडला त्या वर्षी मी अकरा वर्षांचा होतो, ताई पंधराची. अमरावतीला आम्ही भाड्याच्या तीन खोल्यांत राहायचो. बाबा हायस्कूलात भूगोल शिकवायचे. आई मी लहान असतानाच गेलेली, घर आत्याच्या हातात होतं. बाबांच्या शाळेतल्या जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून ताईने एक जाड वही केली आणि तिच्यात जगं लिहायला सुरुवात केली. खेळाला नाव नव्हतं. दुपारी आत्याचा डोळा लागला की ती हळूच विचारायची, "जगं खेळायची का रे?"

खेळ असा होता. मी एका यानाचा कप्तान. एका जगातून माल घ्यायचा, दुसऱ्या जगात पोचवायचा. ताई म्हणजे बाकी सगळं. जिथे मी उतरेन तिथली माणसं तीच, त्यांचे आवाजही तीच काढायची. जकात घेणारा कारकून, पाणी विकणारी म्हातारी, माझ्याशी भांडायला आलेला गावचा पाटील. कुठे काय घडणार हे चिंचोके फोडून केलेल्या चार फाका ठरवायच्या. किती फाका पांढरी बाजू वर करून पडल्या, त्यावर सगळं.

प्रत्येक जगाच्या पानावर सगळ्यात वर ती तळाची, म्हणजे यान उतरायच्या जागेची, प्रत लिहायची. पक्का तळ म्हणजे इंधन, दुरुस्ती, दिवे, सगळं. कच्चा तळ म्हणजे सपाट जमीन आणि एक कंदील. काही जगांपुढे मात्र ती लिहायची, 'तळ नाही'. तिथे उतरायला तीन पांढऱ्या पुरत. निघायला चारही पांढऱ्या, त्याही लागोपाठ दोनदा. आणि दिवसाला फेक एकच.

अशा एका जगात मी पूर्ण मे महिना अडकून पडलो. यानात सरकी भरलेली, ती पोचवायची होती. रोज दुपारी एक फेक. तीन पांढऱ्या, दोन पांढऱ्या, एकदा चार, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. मी रडकुंडीला आलो.

"असा कुठं नियम असते का?" मी म्हणालो. "यान चांगलं हाये, कप्तान चांगला हाये, मग काहून निघता येत नाही?"

"तळ नाही ना बाप्पा," ताई म्हातारीच्या आवाजात म्हणाली. "उतरतानी इचारलं होतं का आमाले? आता राहा. भाकरी खा."

"मग तळ बांधा!"

"कोन बांधते? तुमी लोकं येता, सरकी उतरवता अन् जाता."

मला तिचा फार राग यायचा, कारण तिला ती जगं आवडत. पक्क्या तळाच्या जगांना वहीत अर्धं पान मिळायचं. बिनतळाच्या जगांना तीन-तीन, चार-चार पानं. तिथे बाहेरून काही येत नाही, म्हणून लोक सगळं स्वतः करतात, स्वतःची गाणी, स्वतःची औषधं, स्वतःचे सण. मला त्यात काही गोड वाटत नव्हतं. मी आठ दिवस भांडलो. लेखी अर्ज केले, जेवताना बोललो, ती न्हाऊन केस वाळवत असताना मागे उभा राहून बोललो. शेवटी तिने कंटाळून नियम बदलला आणि मी सुटलो. ह्या आठ दिवसांची मला पुढे फार लाज वाटली. भांडता येत नव्हतं, असं मला कधी म्हणता येणार नाही.

ताईचं लग्न झालं ते दर्यापूरच्या पलीकडच्या एका गावात. भाऊजी तिथल्याच शाळेत मास्तर, घरची काळी जमीन. माणसं चांगली होती. गावाला रस्ता नव्हता. मोटर फाट्यापर्यंत जायची, पुढे चार मैल गाडीवाट. उन्हाळ्यात बैलबंडी तासा-दीड तासात पोचवायची. पावसाळ्यात ती माती अशी धरते की पाय उचलला तर जोडा खाली राहतो. मध्ये एक नाला, त्याला पूल नाही. लग्न उन्हाळ्यात झालं, सोयरीक पाहायला बाबा गेले तेही उन्हाळ्यातच. नकाशे शिकवणाऱ्या माणसाने हे विचारलं नाही. विचारलं असतं तरी स्थळ मोडलं नसतं, हेही खरं.

तिला दिवस गेले तेव्हा मी अकोल्याला मामाकडे राहून कॉलेजात शिकत होतो. ज्येष्ठ लागला होता. ताईचं पत्र मला अकोल्याच्या पत्त्यावर आलं. घरी पाठवलेलं पत्र आत्या मोठ्याने वाचून घ्यायची, म्हणून ते माझ्याकडे. लिहिलं होतं की सातवा चालू आहे, याच पंधरवड्यात न्यायला या. सासूबाईंनी डोहाळजेवण महिन्याच्या अगदी शेवटी धरलं आहे. त्यानंतर आठवा लागेल आणि आठव्यात मला कोणी हलवू देणार नाही. नववा लागेपर्यंत वाट बंद झालेली असेल. मला इथे बोलता येत नाही. बाबा स्वतः येऊन न्यायचं म्हणाले तर सासूबाई अडवणार नाहीत. खाली एक ओळ होती, 'मला भीती वाटते.' ताईने असं कधी लिहिलं नव्हतं.

रविवारी मी गाडीने बडनेऱ्याला उतरून अमरावतीला गेलो. बाबा पंचांग घेऊनच बसले होते, आत्या गहू निवडत होती. मी सांगितलं. भीतीची ओळ सोडून सगळं सांगितलं.

आत्याने सुपातून मान वर केली नाही. "डोहाळजेवनाचा मान त्याइचा हाये. त्याच्या आदी पोरगी उचलून आनली तं लोकं काय म्हनतीन? सासरी खायाले भेटत नव्हतं?"

"ती म्हणते, वाट बंद होते," मी म्हणालो.

"त्या गावात आजवर लेकरं झालीच नाहीत का?"

बाबांनी विचारलं, "आठव्यात आणलं तर?"

"आठव्यात?" आता मात्र आत्याने सूप खाली ठेवलं. "आठव्यात कोनी शीव ओलांडू देते का? सातवा नाही तं नववा. हे काय मी आज सांगून राहिली का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे काही बोलेन म्हणून पाहिलं असावं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, मी जोर केला तर आत्या पत्र मागेल, आणि ती भीतीची ओळ मोठ्याने वाचली जाईल. मी गप्प राहिलो. बाबा म्हणाले, "पाहू." मी ते उत्तर समजून संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला परत गेलो.

डोहाळजेवण थाटात झालं म्हणतात. दोन दिवसांनी आठवा लागला. आषाढात पाऊस थांबला म्हणून नाही. मी रोज सकाळी मामाच्या गच्चीवरून आकाश पाहायचो आणि तासाला उशिरा पोचायचो. बाबांचं कार्ड आलं, नववा लागल्यावर दोघांनी जाऊन ताईला आणायचं, दिवस काढला आहे. दिवस काढला होता! मी ते कार्ड फाडलं, मग तुकडे जोडून तारीख पाहिली.

श्रावणातल्या त्या ठरलेल्या दिवशी बाबा आणि मी मोटरीने फाट्यावर उतरलो. तिथे एका चहाच्या टपरीशिवाय काही नव्हतं. टपरीवाला बाबांकडे पाहून म्हणाला, "मास्तर, कुटी चालले? बंडी तं आठ दिवस झाले आली नाही. बैल पोटापरयंत फसते."

"पोरीला आणायला आलो."

"आता?" तो म्हणाला. त्याने दोन काठ्या काढून दिल्या.

नुसत्या नाल्यापर्यंत पोचायला आम्हाला साडेपाच तास लागले. बाबांचं वय पन्नाशीच्या पुढचं. धोतर कमरेला खोचलेलं, चपला हातात. दर वीस पावलांवर काठीने पायाची माती काढायची, पुन्हा वीस पावलं. एकदा ते बसले आणि मला उठवता येईना. मी त्यांच्यावर ओरडलो, चिखलात, कोणी नसताना. काय ओरडलो ते लिहीत नाही. जे ज्येष्ठात बोलायचं ते मी तिथे बोललो, आणि तिथे त्याचा काही उपयोग नव्हता.

नाल्यावर पोचलो तर पाणी दोन्ही काठ धरून चाललेलं. पलीकडे माणसं दिसली. चौघांच्या खांद्यावर बाज होती, तिच्यावर गोणपाटाचं छप्पर धरलेलं, मागे भाऊजी. सकाळी ताईचं पोट दुखायला लागलं म्हणून ते तिला दर्यापूरच्या दवाखान्यात न्यायला निघाले होते. आमच्यामध्ये पन्नास-साठ पावलांचं पाणी होतं.

"किती वेळ झाला?" बाबा ओरडले.

"दुपारपासून उभे आहोत!" भाऊजींचा आवाज आला. "उतरत नाही!"

ताईने हात वर केला. मीही केला. यापेक्षा जास्त काही करता आलं नाही. एकाने कमरेला दोर बांधून पाण्यात पाय घातला, तो छातीपर्यंत गेला आणि मागे ओढला गेला. तासाभराने त्यांनी बाज फिरवली. बाबा काठावर उभे राहून "नेऊ नका, थांबा, उतरेल," असं म्हणत राहिले. ते पलीकडे कोणाला ऐकू येत नव्हतं.

त्या संध्याकाळी सुईणीच्या हातून मुलगी झाली. एक दिवस जगली. पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. तोवर आम्ही अलीकडच्या एका शेतातल्या खोपीत होतो. मालकाने जे आणून दिलं ते बाबांनी खाल्लं नाही, मीही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ताई बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला. तिच्या सासूने आम्हाला पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. बाबा ताईजवळ थोडा वेळ बसले, तिच्या पायावर हात ठेवून. मग त्यांना बसवेना, ते ओसरीवर गेले. मी राहिलो.

"पत्र पोचलं होतं ना तुले?" ताईने विचारलं.

"हो."

"बाबाले सांगितलं?"

"सांगितलं."

"किती वेळा?"

मी खोटं बोललो असतो तर तिला कळलं नसतं. "एकदा," मी म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं माझ्या पायांकडे पाहिलं, पोटऱ्यांपर्यंत वाळलेला काळा चिखल होता, आणि म्हणाली, "न्हाणीत पाणी हाये. पाय धुऊन घे. भाकर खाल्ली नसशीन तू."

बाहेर बाबा भाऊजींना विचारत होते की आता हिला घरी केव्हा नेऊ. भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "वाट सुरू झाली की."

"म्हणजे केव्हा?"

"दसऱ्यानंतर. लवकर झाली तर दसऱ्याला."

मी आत ते ऐकलं. ताईनेही ऐकलं असणार. तिने गोधडी छातीपर्यंत ओढून घेतली आणि डोळे मिटले.