सरिताचं टोबॅगो

सरिता मोकाशी आयर्लंडमधल्या मेयो काउंटीत, कासलबारच्या हॉस्पिटलमध्ये मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. वॉर्डांतून आलेले नमुने प्लेटवर पसरायचे, त्यांना ऊब द्यायची आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलंय ते बघायचं, हे तिचं काम. मूळची ती नागपूरची. घटस्फोट झाला तेव्हा तिची मुलगी चैत्राली इथल्या शाळेत नुकती रुळत होती. आम्हा इथल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना वाटलं, आता ही नागपूरला परत जाईल. ती गेली नाही. तिनं ड्रायव्हिंगची परीक्षा दिली, जुनी गाडी घेतली आणि पहिल्या मोकळ्या रविवारी मुलीला घेऊन अ‍ॅकिल बेटावर समुद्र बघायला गेली. येताना दोघी चिंब भिजल्या होत्या आणि खूश होत्या.

मी तिच्या समोरच्या घरात राहते, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं. चाळिशी उलटल्यावर ती गावातल्या जलतरण तलावात पोहायला शिकली. उथळ बाजूला शाळकरी पोरांच्या रांगेत फळी धरून पाय मारत असायची. मी विचारलं होतं, लाज नाही का वाटत? तर म्हणाली, चष्मा काढला की मला कोण हसतंय ते दिसतच नाही.

गेल्या वर्षी चैत्रालीची ज्युनियर सर्ट होती, इथल्या शाळेतली पहिली मोठी परीक्षा. तिच्या वर्गातल्या दोन मुली परीक्षेनंतर आईवडिलांबरोबर कॅरिबियनमधल्या एका मोठ्या रिसॉर्टला जाणार होत्या. हातात पट्टा बांधायचा आणि दिवसभर हवं ते खायचं-प्यायचं, अशातलं ते ठिकाण. चैत्रालीनं हट्ट केला नाही. तिनं एवढंच म्हटलं की अ‍ॅकिल मला आवडतं, पण आयुष्यात एकदा तरी पाण्यात शिरताना अंगावर काटा येऊ नये.

सरिताच्या मनात ते शब्द अडकून बसले. रिसॉर्टचे दर तिनं पाहिले आणि ते पान बंद केलं. कर्ज काढून सुट्टी घ्यायची नाही, आणि नागपूरला आईकडे जायचे पैसे मोडायचे नाहीत, एवढं तिचं ठरलेलं होतं. बाकी सगळ्याला तिची तयारी होती. संध्याकाळी जेवणं झाली की ती लॅपटॉप घेऊन बसायची. जूनमध्ये तिकडे पावसाळा सुरू होतो, गर्दी ओसरते आणि दर उतरतात, हे तिनं शोधून काढलं. पाऊस दुपारी तासभर पडतो म्हणे, असं तिनं मला सांगितलं, तेव्हा आम्ही दोघी खिडकीशी उभ्या होतो आणि बाहेर मेयोचा पाऊस तिसऱ्या दिवशीही थांबायचं नाव घेत नव्हता. शेवटी टोबॅगो ठरलं. नॉकच्या विमानतळावरून लंडन, तिथून पुढे. सामान प्रत्येकी एक छोटी बॅग. राहायला मिसेस जोसेफ नावाच्या बाईंच्या घरातली वरची खोली, स्वयंपाकघरासकट. फोटोत खिडकीतून समुद्र दिसत होता. भाडं इतर ठिकाणांच्या जवळपास निम्मं होतं.

निम्मं का होतं, ते पहिल्या सकाळी कळलं.

दोघी उठल्या त्या वासानं. सडक्या अंड्यासारखा वास खोलीभर पसरला होता. सरितानं खिडकी उघडली. समुद्र होता, पण किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचे गुडघाभर ढीग लागले होते आणि पाण्यावरही लांबपर्यंत त्याचीच साय होती. वाळू दिसत नव्हती. चैत्राली आईच्या मागे येऊन उभी राहिली, तिनं बाहेर पाहिलं आणि जाऊन पलंगावर बसली. तेवढ्यात तिच्या फोनवर वर्गमैत्रिणीचा फोटो आला. रिसॉर्टमधला निळाशार पोहण्याचा तलाव, कडेला दोन शहाळी. चैत्रालीनं तो आईला दाखवला नाही, पण फोन ज्या तऱ्हेनं पालथा टाकला त्यावरून सरिताला कळलं.

सरिता खाली गेली. मिसेस जोसेफ सत्तरीच्या, उंच, शांत बाई. त्या ओट्यापाशी उभ्या राहून पपई कापत होत्या. त्यांनी सरळ सांगितलं की बेटाची ही बाजू अटलांटिककडची आहे, काही वर्षांपासून या दिवसांत हे शेवाळ वाहत येतं, कधी आठवडाभर राहतं, कधी महिनाभर. पलीकडची बाजू स्वच्छ असते. जाहिरातीत हे त्यांच्या पुतण्यानं लिहिलं असेल असं त्यांना वाटलं होतं. त्यानं लिहिलं नव्हतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. पलीकडे त्यांच्या बहिणीकडे चौकशी करते, जागा असेल तर उरलेले पैसे परत देते, असं त्या म्हणाल्या.

सरितानं विचारलं, पलीकडे जायला बस आहे का?

बस होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिकीट आधीच घ्यायचं, बसमध्ये मिळत नाही. स्कारबरोला, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावात, उतरायचं आणि दुसरी पकडायची. वेळेचा भरवसा नाही. सरितानं तिकिटं घेतली, पपई डब्यात भरली आणि वर येऊन मुलीला म्हणाली, "टॉवेल घे. समुद्र बेटाच्या मागच्या दाराला आहे."

बसमध्ये चढणारा प्रत्येक माणूस सगळ्या बसला उद्देशून गुड मॉर्निंग म्हणत होता आणि सगळी बस उत्तर देत होती. चैत्राली मान खाली घालून आत शिरली तशी पुढच्या सीटवरच्या आजीबाईंनी तिच्याकडे बघून, अगदी हळू पण ठासून, गुड मॉर्निंग म्हटलं. पोरीचे कान लाल झाले. तिनं उत्तर दिलं. रस्ता डोंगरातून वळणं घेत गेला. दोन्हीकडे ब्रेडफ्रूटची, म्हणजे नीरफणसाची, झाडं, अंगणात कोंबड्या, मधेच खाली समुद्राचा तुकडा. दुसरी बस आलीच नाही. रांगेतल्या एका बाईनं त्यांना शेअर टॅक्सीत आपल्याबरोबर दाटीवाटीनं बसवून घेतलं.

पलीकडच्या गावात उतरल्यावर वाकडी गल्ली संपली आणि खाडी समोर आली. पाणी काठाशी हिरवं आणि पुढे निळं होतं. वाळूवर चार होड्या ओढून ठेवलेल्या आणि मोजकी माणसं. सरितानं चप्पल काढली आणि ती चालत पाण्यात गेली. कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. अंगावर काटा आला नाही. तिनं मागे वळून मुलीला हाक मारली नाही. चैत्राली काठावर उभी राहिली, मग घोट्यापर्यंत आली, आणि मग एकदम पळत येऊन तिनं आईच्या शेजारी सूर मारला. वर आली तेव्हा हसत होती. मला हे सांगताना सरिता म्हणाली की त्या हसण्यासाठी ती आणखी चार बस बदलायला तयार होती.

दुपारी दोघी झाडाखाली पपई खात असताना किनाऱ्यावर गडबड झाली. कोळ्यांनी सकाळीच खाडीत मोठं अर्धगोल जाळं टाकलं होतं, आणि आता त्याचे दोन्ही दोर काठावरून ओढायचे होते. कुणीतरी शिट्टी वाजवली. दुकानातला माणूस बाहेर आला, शाळेच्या गणवेशातली मुलं आली, एक म्हातारा काठी बाजूला ठेवून आला. सरिता उठली, साडेसहा हजार किलोमीटरवरून आलेली पाहुणी आहे हे विसरून गेली आणि रांगेत जाऊन तिनं दोर धरला.

चैत्राली सांगते की त्या क्षणी तिला जमिनीनं गिळावं असं वाटलं. आईला कुणी बोलावलं नव्हतं. पण कुणी हटकलंही नाही. पुढचा माणूस फक्त मागे बघून म्हणाला, पाय रोवून उभी राहा. थोड्या वेळानं चैत्रालीच्या लक्षात आलं की सगळ्या किनाऱ्यावर बसून बघणारी ती एकटीच आहे. ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

दोर जड होता. दोन पावलं मागे, मग थांबायचं, मग पुन्हा दोन पावलं. तळहात सोलवटले. बराच वेळ काही हललंच नाही असं वाटत होतं. मग पाण्यात एक काळी सावली जवळ आली, फुटली, आणि जाळं मासळीनं उसळायला लागलं. पक्षी खाली झेपावले. सगळे एकदम ओरडले, त्यात चैत्रालीचा आवाज होता.

ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो अशी तिथली रीत. म्होरक्यानं बांगड्याएवढे चंदेरी मासे एका काथ्यात ओवून सरिताच्या हातात दिले. तिनं पैशांसाठी बॅगेत हात घातला, तेव्हा तो म्हणाला, "पैसे ज्यांनी ओढलं नाही त्यांच्यासाठी."

ते मासे घेऊन त्या बसनं परत आल्या आणि साऱ्या बसनं त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. संध्याकाळी मिसेस जोसेफनी मासे साफ करून दिले, सरितानं त्यांच्या ओट्यावर लिंबू, लसूण आणि तिथल्या तिखटजाळ मिरचीचं वाटण लावून तळले, आणि तिघी एकत्र जेवल्या. शेवाळाचा वास होताच. जेवताना चैत्रालीनं विचारलं, सकाळी तुला वाईट वाटलं होतं का.

"रडूच येत होतं," सरिता म्हणाली. "मग म्हटलं, लॅबमध्ये रोज ज्याचा वास घेते त्यापेक्षा हा बरा आहे."

दुसऱ्या दिवशी मिसेस जोसेफनी बातमी आणली की बहिणीकडे खोली मोकळी झाली आहे, स्वच्छ बाजूला, पाण्यापासून चार पावलांवर. भाडंही त्या तेवढंच घेतील. सरितानं चैत्रालीकडे पाहिलं आणि म्हणाली, सुट्टी तुझी आहे, तू ठरव.  चैत्राली म्हणाली, तिकडे गेलो तर रोजची बस चुकेल. त्या राहिल्या.

राहिलेले दिवस त्यांनी रोज बेट ओलांडलं. बसमधल्या आजीबाईंनी त्यांना कुठल्या झाडाचे आंबे पडले की कुणीही उचलायचे आणि कुठल्याला हात लावायचा नाही, ते शिकवलं. बाजारातल्या बाईनं केळी घेतल्यावर वर दोन चिकू घातले. दुपारी पाऊस आला की दोघी बेकरीच्या पडवीत उभ्या राहून गरम पाव खात. त्यांनी एकही सहल विकत घेतली नाही, एकाही हॉटेलात जेवल्या नाहीत. शेवटच्या दिवशी सरिता एकटी पोहत खाडीत नांगरलेल्या होडीपर्यंत गेली, तिला हात लावला आणि परत आली. उथळ पाण्यात फळी धरून शिकलेली ही बाई. काठावर चैत्राली उभी होती. नंतर ती मला म्हणाली, मावशी, मी घाबरले नव्हते, मी बघत होते. मला तोवर माहीतच नव्हतं की आईला असं पोहता येतं.

परत आल्यावर नागपूरच्या आजीला व्हिडिओ कॉल झाला. आजीला चैत्रालीचं मेयोच्या वळणाचं इंग्लिश एक अक्षर कळत नाही, आणि सरिता नेमकी ड्यूटीवर होती. मी तिथे चहाला बसले होते. पोरीनं दोराची गोष्ट मराठीत सांगितली. शब्द सापडेना तिथे उठून पाय रोवून दाखवलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् मासोया तुले वाटून भेटल्या? फुकट?" चैत्राली म्हणाली, "फुकट नाही आजी. ओढलं ना मी."

त्यानंतर आमच्या इकडच्या मराठी मंडळींत सरिताला फोन यायला लागले. नावन गावातल्या हर्षवर्धन आणि सुरुची या जोडप्यानं विचारलं, लिक्सलिपच्या कुणीतरी विचारलं. सगळ्यांना हवा असतो हॉटेलचा पत्ता. सरिता मिसेस जोसेफांचा नंबर देते आणि शेवाळाचं आधी सांगते. काही जण तिथेच फोन ठेवतात. सुरुचीनं ठेवला नाही. ती कुटुंबासकट जाऊन आली, आणि आल्यावर तिनं सरिताला एक फोटो पाठवला. त्यात ती, हर्षवर्धन आणि दोन अनोळखी बायका शेअर टॅक्सीच्या मागच्या सीटवर कोंबून बसली होती, मांडीवर कलिंगड, आणि चौघंही कॅमेऱ्याकडे न बघता कशावर तरी खदखदून हसत होती.