डाव्या हाताचा भाग

ताई कोहमाऱ्याचं सासर सोडून गोंदियाला माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक साडी आणि चार बासऱ्या होत्या. डावा डोळा सुजून मिटलेला. भाऊजींचा हात कसा चालतो ते घरात सगळ्यांना माहीत होतं. याआधी बाबांनीच समजूत घालून तिला परत पाठवलं होतं.

मी पोरांना गिटार शिकवतो. राइस मिलच्या मागे माझ्या दोन खोल्या आहेत. त्या दिवसांत मोबाईलवर ऐकून पियानोची एक परदेशी रचना मी गिटारवर बसवत होतो. डावा हात खालच्या सुरांवर घणासारखा कोसळत राहतो आणि उजवा त्याच्यावरून जिवाच्या भीतीनं पळतो, असं ते संगीत. पियानोचे दोन्ही हात एका गिटारीत मावत नव्हते. ताई दाराशी उभी राहून ऐकत होती.

"वरचं मले दे," ती म्हणाली. "खालचं तू मार."

पियानोवर पट्टी दाबली की स्वर हजर. बासरीवर मधले स्वर अर्धं भोक झाकून काढायचे, तेही धावता धावता. ताईचा श्वास पुरत नसे. ती खोकायची, शिवी हासडायची, पुन्हा सुरू करायची. मी गिटारची सहावी, सगळ्यात जाड तार ढिली करून आणखी खालच्या सुरात उतरवून घेतली. तरी ठोका पडेना म्हणून गिटारच्या पोटावर तळहात हाणू लागलो.

"हळू कायले मारून राहिला?" ती ओरडायची. "जोरानं मार!"

माझी बोटं फुटली, तेव्हा कुठे तो भाग तिच्या मनासारखा झाला.

भाऊजी आले तेव्हा आम्ही तेच वाजवत होतो. भर दुपार, दार उघडं. "घर सोडून इथं पुंगी वाजवून राहिली का?" ते म्हणाले. ताई थांबली नाही. त्यानं बासरीवरच ठोसा मारला. बांबू तडकला आणि त्याची कपची तिच्या वरच्या ओठात घुसली. समोरचा दात तुटून फरशीवर पडला. मग त्यानं तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं.

मी हातातली गिटार त्याच्या पाठीत घातली. दुसऱ्या फटक्याला गिटारची मान मोडली. त्यानं मला खाली पाडून बरगडीत लाथा घातल्या. आरडाओरडा ऐकून मिलमधले हमाल धावत आले आणि त्याला दाबून धरलं. "मारा त्याले!" मी ओरडत होतो. त्यांनी मारलं नाही. पोत्यांच्या सुतळीनं हात बांधून पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं.

बाबा दवाखान्यात आले. म्हणाले, "मिटवून टाक बाई. घरातली गोष्ट आहे."

ताईला बोलता येत नव्हतं. तिनं बाबांचा हात ओढून आपल्या ओठावरच्या टाक्यांवर ठेवला आणि तसाच दाबून धरला. बाबा सोडवू लागले, तिनं सोडला नाही. शेवटी ते हुंदके देऊन रडले. पुढं कोर्टात जावयाविरुद्ध पहिली साक्ष त्यांनीच दिली.

जखम भरली, पण ओठात गाठ राहिली. बासरीतून नुसती हवा निघायची. एका सकाळी ताईनं उरलेल्या तिन्ही बासऱ्या गुडघ्यावर मोडल्या आणि म्हणाली, "आता खालचं मी मारते. फुकायचं तू पाहा."

तारुण्यात बाबा गावच्या दंडारीत, त्या लोकनाट्यात, बासरी वाजवायचे. त्यांनी मला फुंक शिकवली. ताईला नवी गिटार आणून दिली. ती तारा तोडायची, नखं फाडून घ्यायची. डाव्या हाताचा तो भाग तिनं असा उचलला की बासरीवर मी खरोखरच घाबरून पळायचो.

आम्ही ते गोंदियातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये वाजवलं. पियानो शिकवणाऱ्या एक बाई नंतर म्हणाल्या, "मूळ रचना इतकी क्रूर नाहीये हो." ताई हसली, तुटक्या दाताची फट दिसली.

ताईच्या नवऱ्याला शिक्षा झाली, फारकतही झाली. ताई शेजारच्याच खोलीत राहते आणि मुलींना गिटार शिकवते. सध्या आम्ही पियानोची दुसरी एक रचना बसवतोय, तिनंच निवडलेली. मी म्हटलं, या वेळी एखादी शांत घेऊ.

"शांत तू एकटा वाजव," ती म्हणाली आणि सहावी तार उतरवायला लागली.