गायीच्या खुंट्याला बांधलेली अर्थिंग

लग्नात माझ्याबरोबर सासरी जे सामान आलं, त्यात एक टेस्टर, एक पक्कड आणि आयटीआयचं वायरमनचं सर्टिफिकेट होतं. भांडी पहिल्याच दिवशी वापरात आली. सर्टिफिकेट मात्र दोन वर्षं ट्रंकेत साड्यांखाली पडून होतं, आणि ट्रंक उघडली की मला दरवेळी राग यायचा.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सेलूहून कडबा कापायची जुनी मशीन आणली, मोटरवाली. घरात वीज होती, पण मागच्या अंगणापलीकडे कोठ्यात कंदीलच होता. गोठ्याला आमच्याकडे कोठा म्हणतात. जेवताना मामाजी म्हणाले, "उद्या सेलूच्या वायरमनले सांगतो."

"मी करून देते न, मामाजी."

त्यांचा घास हातातच राहिला. "जमन काय तुले?"

"जमते."

"पाह्य बाप्पा. कोठ्यात गाभण गाय हाय. तिले काई झालं, तं मंग या घरातला बल्बसुद्धा तुह्या हाती देणार नाई."

मला एवढंच ऐकू आलं, की काम माझं आहे. भांडी घासताना मी मनातल्या मनात नकाशा काढून मोकळी झाले.

मीटरपासून कोठा साठ-सत्तर फूट. मध्ये अंगणातून कडब्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, जाते, म्हणून मी मामाजींना भरल्या बंडीवर उभं करून हात वर करायला लावला आणि त्याच्याही दोन हात वरून केबल ओढली. वीस वर्षांत त्यांना असं कुणी उभं केलं नसेल. कोठ्यात उंदरांचं राज्य, म्हणून आतली सगळी तार पाइपमधून नेली. बल्ब कडब्याच्या गंजीपासून लांब लावला. बोर्ड इतका उंच ठेवला की गायीची जीभ तिथे पोचू नये, कारण ती काहीही चाटायची. कोठ्याचा मेन स्विच वेगळा घेतला. काम चालू असताना तो पाडून मी त्याचा फ्यूज काढायची आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची, म्हणजे कुणी चुकूनही चालू करायला नको.

"किल्ल्या सांभाळणारी सून पाह्यली होती," मामाजी म्हणाले. "फ्यूज सांभाळणारी पह्यलीच."

मला हसू आवरेना. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

राहिली फक्त अर्थिंग. मोटरच्या लोखंडात कधी करंट उतरलाच, तर तो जमिनीत नेऊन सोडणारी तार. तिच्यासाठी खोल खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरायचं असतं. पण मे महिना, आमची काळी माती उन्हानं दगड झालेली. दोन तास सब्बल आपटून गुडघ्याएवढा खड्डा झाला.

"काऊन खंदून राह्यली वो?" मामाजी म्हणाले. "गायीचा खुटा लोखंडी हाय. चार फूट आत गेला. बाराही महिने मुतानं वल्ला राह्यते."

ओल हवी, खार हवा, लोखंड खोल हवं. पुस्तकात मागितलेलं सगळं गायीनं तयार करून ठेवलेलं होतं! मला तर टाळी द्यावीशी वाटली. मी खुंट्याला नटबोल्टनं तार आवळली. त्याच खुंट्याला गायीची साखळी होती.

दुपारी बटण दाबलं. बल्ब लागला आणि छातीत नुसता ढोल वाजला. मग मशीन. मामाजी पेंढ्या सारायला लागले, बारीक कडबा भराभर बाहेर पडू लागला, आणि गाय मागे सरली. साखळी ताणून एकेक पाय उचलू लागली.

"आवाजाले भेते," मामाजी म्हणाले. "होईन सवय."

मलाही तेच खरं असायला हवं होतं. फार हवं होतं. मशीन बंद केली, गाय शांत. चालू केली, पुन्हा तेच. मग मी मशीनचा पट्टा काढला आणि नुसती मोटर फिरवली. आता खडखड काहीच नव्हती, जेमतेम घुंई. गाय तरी पाय उचलत होती.

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. जुन्या मोटरमधून झिरपणारा करंट मीच तारेनं खुंट्यात नेला होता. खुंट्यातून साखळीत, साखळीतून गायीच्या गळ्यात.

मोटरच खराब आहे असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण माझ्या तोंडून निघालं, "मामाजी, चूक माझी हाय. खुट्याले तार मी बांधली. थोडा जास्त करंट आला असता तर गाय मेली असती."

त्यांनी साखळी सोडली, गायीच्या पोटावरून हात फिरवला आणि तिला लिंबाखाली नेऊन दोरानं बांधलं. मी तिथेच उभी राहून रडले.

खड्डा मी पुरा केला, कोठ्यामागे, जिथे जनावरं जात नाहीत. चार दिवस लागले, हाताला फोड आले. मामाजींनी मीठ आणि कोळसा आणून मुकाट्यानं काठावर ठेवला. मोटर दुरुस्त होऊन आली. गाय सुखरूप व्याली, कालवड झाली. मामाजी तरी वायरिंगबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

मग एका सकाळी ओसरीवर वायरमनची गोष्ट निघालेली ऐकू आली. सेलूचाच आला असणार, माझं काम उखडायला. दाराआडून पाहिलं, तर शेजारचे काका. त्यांनीही तशीच मशीन आणली होती.

"सेलूले काऊन जातं?" मामाजी त्यांना म्हणत होते. "आमच्या सूनबाईले ने. सोताची चूक सोताच्या तोंडानं सांगणारा वायरमन तुले सेलूत नाई भेटणार."

मी टेस्टर कमरेला खोचला आणि काकांच्या मागे निघाले. त्यांच्या कोठ्यात शिरल्यावर सगळ्यात आधी पाहिला तो खुंटा.